आमच्या घरची बुढी

मी नागपूर सोडलं ते मारबतीच्या दिवशी. मुहूर्त काढून नाही. माझी शाळेतली मैत्रीण कुसुम सुरतेहून पोळ्यासाठी माहेरी आली होती, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची परतीची गाडी होती, आणि तिनं मला म्हटलं होतं, "चाल माझ्यासंगं. इथं बसून काय करून राहिली तू?" मी हो म्हटलं.

मारबत म्हणजे काय हे नागपुरात, आमच्या महाल भागातल्या माणसाला सांगायला नको. पण सुरतेत वाढलेली आमच्या कुसुमची नातवंडं हे वाचतील, त्यांच्यासाठी सांगते. बांबूच्या कामट्या आणि कागदाच्या मोठाल्या बाया करतात, एक काळी, एक पिवळी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वाजतगाजत त्यांना शहरातून फिरवतात आणि शेवटी जाळून टाकतात. त्या जाताना लोक ओट्यावरून, गच्चीवरून ओरडतात, "खासी-खोकला घेऊन जा गे मारबत! रोगराई घेऊन जा गे मारबत!" घरात जे जे नको असेल ते तिच्या गळ्यात घालून मोकळं व्हायचं.

मी खांद्याला बॅग लावून ओट्याच्या पायऱ्या उतरले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी ढोल वाजत होते आणि पिवळी मारबत विजेच्या तारांखालून डोकं वाकवून चालली होती. वहिनी, म्हणजे माझ्या भावाची बायको, ओट्यावर उभी होती. तिच्या लेकाला, पिंटूला, तिनं समोर धरलं होतं, कारण त्याचा खोकला जात नव्हता. ती ओरडली, "पिंटूचा खोकला घेऊन जा गे मारबत!" मग माझ्याकडे पाहिलं. हसू दाबत, आणखी मोठ्यानं, "आमच्या घरची बुढी घेऊन जा गे मारबत!"

सगळी गल्ली हसली. दादा स्कूटरचा आरसा पुसत होता. तो पुसतच राहिला.

आमच्याकडे बुढी म्हणजे म्हातारी. पोरं आपल्या आईलाही म्हणतात, "बुढी जेवली का," आणि त्यात माया असते. या हाकेत ती नव्हती. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. वहिनी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.

गर्दीतून वाट काढताना कुसुमनं माझा हात घट्ट धरला होता, आणि मी मनाशी एकच गोष्ट ठरवत होते. एक दिवस याच ओट्यासमोर, याच दिवशी, मी परत येईन. आणि अशी येईन की तो शब्द तिला स्वतःच्या तोंडानं गिळावा लागेल. बाकी काम मिळेल का, खोली मिळेल का, हे काही मला ठाऊक नव्हतं. एवढं मात्र पक्कं होतं.

माणूस म्हातारा होतो असं म्हणतात. मला करण्यात आलं, आणि ते कसं करतात हे मी जवळून पाहिलं आहे.

आठवीनंतर बाबांनी शाळा सोडवली. "चिठ्ठी वाचता येते ना तुले? मंग झालं," असं ते म्हणाले होते, आणि त्यांच्या आवाजात रागही नव्हता. खाप्याला लग्न करून दिलं. नवरा चांगला होता. तिथं कन्हान नदीच्या पाण्यात पाय सोडून बसायला मला घेऊन जायचा. एका तापात तो गेला. मूलबाळ नव्हतं. तिशीच्या आत मी महालात माहेरी परत आले. तोवर आई-बाबा दोघं गेलेले, घर वहिनीचं झालेलं.

वहिनी मला मारत नव्हती, उपाशी ठेवत नव्हती. ती फक्त मला पुढं ढकलत गेली, वयानं. तिच्या फिक्या पडलेल्या साड्या मला. राखी, मातकट, धुऊन धुऊन रंग कोणता होता तेही कळू नये अशा. एकदा संक्रांतीच्या आधी मी इतवारीच्या बाजारातून हिरव्या बांगड्या आणाव्या म्हटलं, तर म्हणाली, "तुले कशाले लागते वं आता रंगबिंग?" बाया जमल्या की ती टवटवीत साडी नेसून मधे बसायची आणि मला हाक मारायची, "आमच्या बुढीले सांगा, ते करून देईन चहा." बाया हसायच्या. पोरंही मग बुढीच म्हणायला लागली. शेवटी शेवटी मी स्वतःच गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागले होते. गुडघा दुखत नव्हता. पण बुढी तशीच उठते ना.

आणि "पाहू." त्या घरात हा एक शब्द होता. मी म्हटलं, शिवणकाम शिकायला जाऊ का, तर वहिनी म्हणे, "पाहू." खाप्याला एकदा जाऊन येते, नदी पाहून येते. "पाहू." दात दुखतो. "पाहू." नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. पाहू म्हटल्यावर माणूस वाट पाहत बसतो. मी बसले, तिशी पूर्ण तिथं बसूनच संपवली.

सुरतेत पहिल्या दिवशी भाजीवाल्याला म्हटलं, "भैया, थोडा सांबार देना." आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो हे तुम्हाला माहीत आहे. त्याला कसं असणार? त्यानं बोटानं समोरचं इडली-डोशाचं हॉटेल दाखवलं. मी घाबरून, मान खाली घालून तिकडे गेलेसुद्धा! आत पोचल्यावर कळलं. ते कुसुमनं, मला पुढं जिथं काम मिळालं, तिथल्या साऱ्या बायांना सांगितलं, आणि वर्षभर मला पाहिलं की कोणीतरी म्हणायचं, "शालूबेन, सांबार लोगे?"

शालूबेन! हा शब्द मी किती दिवस तोंडात घोळवला. तिथं वीस वर्षांची पोरगीही बेन आणि सत्तर वर्षांची बाईही बेन. हाकेवरून वय कळत नाही. मला पहिल्यांदा कोणी शालूबेन म्हणालं तेव्हा मी मागं वळून पाहिलं, दुसरी कोणी आहे का म्हणून.

म्हणाल्या त्या हंसाबेन. साड्यांना लेस-पट्टी लावायचं, टिकल्या चिकटवायचं त्यांचं छोटं कारखान्यासारखं होतं, घराच्याच खालच्या मजल्यावर. कुसुमनं मला त्यांच्यासमोर उभं केलं. त्यांनी विचारलं, "कितने बरस हुए, बेन?" काम जाईल या भीतीनं मी म्हटलं, "पैंतीस." त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तो ये साड़ी किसकी पहनी है? सास की?"

"भाभी की है."

"भाभी को वापस भेज दे."

मी हसले. हंसाबेन हसल्या नाहीत. महिन्याभरानं त्यांनी कामातूनच उरलेली एक पोपटी साडी माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाल्या, "कल ये पहनना." दुसऱ्या दिवशी मी ती नेसून खोलीतून बाहेर पडले तेव्हा रस्ताभर वाटत होतं, आता कोणीतरी हटकणार. कोणी पाहिलंही नाही. पुढच्या पोळ्याला कुसुम नागपूरला निघाली तेव्हा मी वहिनीच्या साऱ्या जुन्या साड्या धुऊन, इस्त्री करून, घडी घालून तिच्यासोबत परत पाठवल्या. वहिनीचा निरोप आला, "बरं झालं, फरशी पुसाले कामी येतीन." मला त्या दिवशी जेवण गोड लागलं. लागलं तर लागलं. खोटं कशाला सांगू?

नवरात्रात हंसाबेनच्या सोसायटीच्या अंगणात गरबा असायचा. मी कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसले. त्या आल्या, गुडघ्याला पट्टा बांधलेला, तेव्हाच साठीच्या पुढं. "ऊठ."

मी हळूच म्हटलं, "मैं विधवा हूँ, बेन."

"तो? माताजी ने पूछा क्या?"

मी उठले. तीन टाळ्यांचा गरबा होता. माझी तिसरी टाळी नेहमी उशिरा पडायची, मागची बाई माझ्यावर आदळायची, पुढचीच्या पायावर माझा पाय. कोणी हसलं तरी ते वेगळं हसणं होतं. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या इतक्या सुजल्या की जिना उतरता येईना. नवव्या दिवशी माझी तिसरी टाळी वेळेवर पडली. मी रडले, पण गोल फिरता फिरता, त्यामुळे कोणाला दिसलं नाही.

लोक मला आता विचारतात, सुरतेतल्या आमच्या गल्लीतल्या पोरी विचारतात, मावशी, तुम्ही काय लावता, काय खाता? सत्तावन्न वाटत नाही. मी काही औषध सांगत नाही, कारण खरं सांगितलं तर चांगलं दिसणार नाही. तरुण राहायला मला राग पुरला. सकाळी तापीच्या काठानं चालायला निघते तेव्हा अंग म्हणतं, राहू दे. मी तो ओटा आठवते. पाय आपोआप उचलतात. दुकानांच्या पाट्यांवरून गुजराती वाचायला शिकले, तेव्हा आठवी पास बाईला हे कसं जमणार ही धाकधूक होतीच. पण दर अक्षराला मी मनात म्हणायचे, घे वहिनी. मोपेड शिकले पन्नाशीला टेकताना. दोनदा पडले, कोपर फुटलं. घे वहिनी. दुखणारे दात काढून नवे बसवले. घे. केस खांद्यापर्यंत कापले त्या दिवशी पार्लरच्या आरशात स्वतःला पाहून मी इतकी घाबरले की ओढणी डोक्यावर घेऊन घरी आले, आणि दार लावून पुन्हा आरशात पाहिलं. मग दहा वेळा पाहिलं.

मला अजूनही सगळ्याची भीती वाटते. कुलूप लावून परत येऊन ओढून पाहते. गॅस बंद केला का हे शेजारणीला फोन करून विचारलेलं आहे. हंसाबेन म्हणतात, "शालू, तू डरती बहुत है, रुकती नहीं." त्यांचे उपकार मी कुठं फेडू? आता त्यांचा गुडघा बदललाय, त्या खुर्चीवर बसून टाळ्या देतात. पण मी नीट हिशेबानं आभार मानायचे ठरवले तर वहिनीचेही मानावे लागतील. ती ओरडली नसती, तर मी दोन महिन्यांत रडत परत आले असते.

मग फोन आला हातात, आणि व्हॉट्सअॅपवरची स्टेटस नावाची गोष्ट. कोणी पाहिलं ते नावानिशी दिसतं. मी चनिया-चोळीतला फोटो टाकला, लाल आणि मोरपंखी. थोड्या वेळानं उघडून पाहते तर सगळ्यात वर वहिनीचं नाव. मोपेडवरचा टाकला. वहिनी पहिली. तापीकाठचा, धावायच्या बुटांतला. वहिनी. गरब्याचा व्हिडिओ. वहिनी. कधी अंगठा नाही, फूल नाही, एक शब्द नाही. फक्त पाहायची. जळते, जळू दे, असं म्हणत मी पुढचा फोटो जास्त भडक टाकायचे. माझा सगळा शृंगार त्या एका बाईसाठी चालला होता, आणि मला त्यात मजा येत होती.

दादानं पिंटूच्या लग्नाला बोलावलं. मी म्हटलं, सीझन आहे, येता येणार नाही. असला सूड लग्नाच्या पंगतीत वाया घालवायचा नसतो. मला ओटाच हवा होता, आणि तोच दिवस.

यंदा गेले.

केस मोकळे, पिवळा कुर्ता, पायात बूट. स्टेशनपासून महालापर्यंत रिक्षात मी वाक्यं जुळवत होते. ती बुढी गेली वहिनी, ओळखलं का मले? की आधी काही न बोलता नुसतं उभं राहायचं? गल्ली तीच, फक्त गाड्या जास्त आणि माणसांना जागा कमी. ढोल लांबून ऐकू येत होते.

ओट्यावर कोणी नव्हतं.

दार पिंटूनं उघडलं. दाढी, पोट, कानाला फोन. "अरे आत्या! काय वं, हिरोईन होऊन आली तू तं!" आणि मग आत वळून बायकोला, "बुढीले सांग, आत्या आली." मी दचकले. दादा आतून आला, हसला, आणि लगेच माझी बॅग कुठं ठेवावी या विचारात पडला. तो जन्मभर असाच काहीतरी पुसत, ठेवत राहिला.

वहिनी मागच्या खोलीत होती. अंगावर सुनेचा जुना गाऊन, फुलं होती तिथं नुसते डाग उरलेले. केस पांढरे, रंग लावणं कधीचं सोडलेलं. मला पाहून ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून. मी तिचा गुडघा ओळखला. तो दुखत नव्हता.

मी सुरतेहून आणलेला पेढ्यांचा डबा उघडला. सून पंचविशीची, गोड आवाजाची. बाहेरून म्हणाली, "आईले पेढा नका देऊ वं आत्या, त्यांचं काही खरं नाही आता." वहिनी म्हणाली, "एक खाऊ का?" सून म्हणाली, "पाहू."

मी तिथं उभी राहिले आणि मला कसं वाटलं ते सांगते. दया आली असं लिहायला हवं, पण ती नंतर आली, आणि थोडीच. आधी वाटलं, मला लुटलं. इतकी वर्षं जपून ठेवलेलं कोणीतरी आधीच वापरून टाकलं होतं. तेही मोफत, पेढ्यावरून, काही कष्ट न घेता. मी तापीकाठी चालले, पडले, कोपर फोडलं, ते काय या पोरीसाठी?

वहिनी माझ्या बुटांकडे पाहत होती. "बूट घातले वं तू?"

"हो."

"टोचत नाही?"

"नाही."

ढोल जवळ आले. मी म्हटलं, "चाल वहिनी, ओट्यावर. मारबत पाहू." हा पाहू वेगळा होता, तिलाही कळलं. ती माझा हात धरून आली. सून मागून म्हणाली, "धक्का लागेन त्यांले," पण आम्ही गेलो.

पिवळी मारबत तशीच होती, तारांखालून डोकं वाकवून. सगळी गल्ली ओरडत होती. महागाई घेऊन जा, डेंगू घेऊन जा, नळाचं गढूळ पाणी घेऊन जा गे मारबत. मी तिच्या शेजारी उभी होते, जिथं ती तेव्हा उभी होती. वाक्यं सगळी विसरले होते. तेवढ्यात ती पुटपुटली, "घेऊन जा वं."

मला वाटलं, मारबतीला म्हणते. कोणी मरण मागतं तसं काहीतरी. मी विचारलं, "कोणाले म्हणून राहिली?"

"तुले." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, मारबतीकडेच पाहत होती. "मले घेऊन जा. मी रोज पाहतो तुह्ये फोटू. ते गोल फिरता न तुम्ही, सगळ्या बाया. मले येईन का वं ते?"

म्हणजे ती जळत नव्हती. किंवा जळतही असेल. पण सोबत टाळ्याही मोजत होती.

मी चांगली बाई असते तर तिला तिथंच जवळ घेतलं असतं. मी म्हटलं, "ऐकू नाही आलं, वहिनी. ढोल वाजून राहिले. जोरात म्हण."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला समजलं. मूर्ख ती कधीच नव्हती. तिनं ओट्याच्या कठड्याला हात लावला, घसा साफ केला, आणि ओरडली, "शालू, मले घेऊन जा!"

शेजारच्या ओट्यावरच्या बाया वळल्या. त्यांतल्या दोघी तेव्हाही होत्या. या वेळी कोणी हसलं नाही. सून दारात आली. दादानं हातातला ग्लास खाली ठेवला आणि पहिल्यांदा, मी जन्माला आल्यापासून पहिल्यांदा, सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं, मी काय म्हणते म्हणून.

मी म्हटलं, "पाहू."

त्याला आता तीन आठवडे झाले. मी सुरतेत आहे. काल स्टेटसला नुसता चहाचा कप टाकला, तरी पहिलं नाव तिचंच. आणि आता ती लिहितेही. पहिल्यांदा नुसतं फूल आलं. मग, "शालू, पाहिलं का?" काल परत, "पाहिलं का वं?" मी वाचते. निळ्या खुणा होतात, म्हणजे तिलाही कळतं मी वाचलं. उत्तर देत नाही.

तुम्ही जे महालात राहिलात, तुम्ही म्हणाल, शालू निष्ठुर झाली, परमुलखात राहून. आणि माझ्यासारख्या ज्या निघून गेलात, तुम्हाला विचारते, तुमच्याकडे तरी या दुखण्याला दुसरं औषध आहे का? मला घर म्हटलं की पूर्वी तो ओटा दिसायचा, ज्यावरून मला उतरवलं. आता सुरतेतली माझी उधन्याची एक खोली दिसते. दारावर शालूबेन असं गुजरातीत लिहिलंय, मीच लिहिलंय, एक काना थोडा वाकडा. या दारातून कोणाला आत घ्यायचं हे मला कोणाला विचारावं लागत नाही. हो म्हणायचं की पाहू म्हणायचं, आणि किती दिवस म्हणायचं, तेही मीच ठरवते.

एक गोष्ट मात्र लिहून टाकते, वहिनी हे वाचत नाही म्हणून. कामातली एक साडी मी बाजूला काढून ठेवली आहे, डाळिंबी, भरपूर टिकल्यांची. तिच्या अंगाला शोभेल. दोन गाद्या मावतील का म्हणून खोलीची टेपनं मापंही घेतली, मावतात. हंसाबेनला सांगितलं तर म्हणाल्या, "भाभी की साड़ी वापस भेजी थी, अब भाभी को बुला रही है?" आणि खुर्चीवर बसून कितीतरी वेळ हसल्या.

नवरात्राला अजून काही दिवस आहेत. तोवर पाहू दे तिला वाट.